कोठीत ठेवलेला आवाज

बोरगावात ज्याच्या घरी शिमग्यापर्यंत कापूस पडून असतो, त्याला लोक दोनच नावं ठेवतात. भाव चढला तर शहाणा, पडला तर हावरट. गजेंद्र यंदा दोन्हींच्या मध्ये लोंबकळत होता. घराची मधली खोली खिडकीच्या वरपर्यंत कापसानं भरली होती आणि घरची माणसं एक तर समोरच्या खोलीत, नाही तर मागच्या स्वयंपाकघरात अंग चोरून राहत होती. पाहुणा आला तर त्याला बसवायचं कुठं, याची कुणाला फिकीर नव्हती. कापसाला जागा पुरली म्हणजे झालं. पांढरं सोनं ना ते, मग त्याच्यापुढं माणसांची काय पत्रास!

समोरच्या खोलीत टेबलावर तृप्तीचा कॉम्प्युटर होता. तृप्ती ही गजेंद्रची बायको, माहेर पांढुर्ण्याचं. बाकीच्या सुना फ्रीज घेऊन येतात, ही कॉम्प्युटर घेऊन आली, म्हणून गावाला काही दिवस चघळायला विषय मिळाला. "टीव्ही आनला म्हनते, पन त्याच्यात शिरेल नाही लागत," असं शेजारणी एकमेकींना सांगायच्या. याच यंत्रातून पुढं घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा गळा गाणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तो माणूस म्हणजे तिचे सासरे केशवराव. खडी गमतीचे शाहीर. खडी गंमत म्हणजे उभ्या उभ्या चालणारा खेळ. पडदा नाही, मंच नाही, चौकात कंदील टांगायचा आणि गाणी, सोंगं, सवाल-जवाब करत रात्र उजाडवायची. तिगावपासून लोधीखेड्यापर्यंत केशवरावांचं नाव घेतलं की गाव गोळा व्हायचं. आवाज असा, की भोंगा बंद पडला तरी मागं बसलेल्या म्हाताऱ्यांना पत्ता लागत नसे. तो आवाज तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं खाल्ला. नागपूरला घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आणि रात्र रात्र गाणारा माणूस गळ्याला फडकं बांधून मुका होऊन घरी परतला. अर्धी भाकरी खायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायचं, एवढंच त्यांचं जगणं उरलं.

मग एका दिवाळीच्या साफसफाईत तृप्तीला माळ्यावर कॅसेटींची पेटी सापडली. कुणी कुणी जागच्या जागी भरून दिलेले जुने खेळ होते ते, काही घरीच बसून म्हटलेली गाणीही. काहींना बुरशी आली होती, काहींची फीत वाजता वाजता तुटत होती. तिनं माहेरून जुना टेप मागवला, वायर जोडली आणि एकेक कॅसेट कॉम्प्युटरात उतरवायला बसली. पहिल्या कॅसेटीतून खरखरीच्या मागून तो आवाज आला, तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडलेले केशवराव उठून बसले. तिच्याकडं बघितलं नाही, कॉम्प्युटरकडंही नाही. आढ्याकडं बघत राहिले आणि त्यांचे ओठ आवाजाबरोबर हलायला लागले. त्या दिवशी त्यांनी पोटभर खाल्लं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गाणं व्हायचं. केशवराव खुर्चीत, मांडीवर हाताचा ठेका आणि ओठांची हालचाल. गाणं झालं की ताटावर. बाजूला बसलेल्या कुणाला वाटलं असतं, की हाच माणूस गातोय, फक्त आवाज जरा पलीकडून येतोय. कॅसेटी तर एकदा-दोनदा वाजून संपल्या होत्या, पुन्हा लावायच्या लायकीच्या उरल्या नव्हत्या. जे काही होतं ते आता कॉम्प्युटरातच. त्यामुळं तृप्तीला एकाच गोष्टीची धास्ती बसली. हे गेलं, तर मामाजी दुसऱ्यांदा मुके होतील, आणि या वेळी डॉक्टरचाही इलाज नाही.

इंटरनेटवर चढवून ठेवावं म्हटलं, तर बोरगावात नेट कधी येतं आणि कधी जातं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तिनं दोन छोट्या डिस्क घेतल्या, काड्यापेटीहून थोड्या मोठ्या, काळ्या. दोन्हींवर सगळं उतरवलं. एकीसाठी नागपूरहून खास लोखंडी तिजोरी आणली. लहानशी, पण उचलताना गजेंद्रच्या कमरेत चमक भरली. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, घर जळलं तरी आतला कागद जळणार नाही. तृप्तीनं तिजोरीत घरचे कागद ठेवले, आणि डिस्कला धक्का लागू नये म्हणून घरच्याच कापसाची गादी करून तिच्यात ती निजवली. कापूसवाल्यांच्या घरी नाजूक वस्तूला दुसरं अंथरूण सुचतच नाही. दर रविवारी ती डिस्क बाहेर काढायची, नवं काही असेल ते चढवायचं आणि पुन्हा कापसात ठेवायची.

दुसरी डिस्क कपाटात होती. संक्रांतीच्या सुमारास ती तिथून नाहीशी झाली.

"आई, इथली काळी डबी कुठी गेली?" तृप्तीनं सासूला विचारलं.

अंबाबाई त्या दिवशी नवी ज्वारी भरून घेत होत्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीची पत्र्याची कोठी होती. हमाल पोती ओतत होता आणि त्या मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला टाकत होत्या.

"थे? कोठीत टाकली," त्या म्हणाल्या.

"कोठीत! जवारीत?"

"मंग कुठी टाकू? माही पोत, पाटल्या, समदं कोठीतच ऱ्हायते. चोरानं का आखी जवारी उपसावी? आन तूच म्हनली ना, का याच्यात त्यायचा आवाज हाय. मंग जो दागिना, थो कोठीत."

"अवं आई, पन मले त्याच्यावर कॉपी करा लागते! आता काढू कशी?"

"काढाले कायले पायजे? खात जाऊ आपन जवारी. पोळ्यापावतर निंघते वरतं."

गजेंद्र हसून हसून लोळायचा बाकी होता. तृप्तीनं कपाळाला हात लावला. ज्या डिस्कपर्यंत पोचायला आधी भाकरी खाऊन कोठी अर्धी करावी लागते, ती असून नसल्यासारखीच. शिवाय धूळ, पाला, कीड. तिनं त्या डिस्कवर पाणी सोडलं आणि सगळी भिस्त तिजोरीवर ठेवली.

फाल्गुनातल्या दुपारी ऊन चटकायला लागलं होतं. गजेंद्र संत्र्याच्या बगीच्यात होता. सासू-सुना समोरच्या घरी, कवडूजींच्या अंगणात, कुरड्या घालायला गेल्या होत्या. कवडूजी म्हणजे केशवरावांचे जन्माचे सोबती. हे गायचे आणि ते ढोलकी वाजवायचे. केशवराव घरी समोरच्या खोलीत झोपले होते.

एकाएकी डफ वाजला.

कवडूजी ओसरीत सुपारी कातरत बसले होते. त्यांचा हात जागच्या जागी थांबला. खेळाआधी गाव गोळा करायला वाजवायचे तो ठेका होता, आणि ऑपरेशनपासून केशवरावांनी डफाला हात लावला नव्हता.

"हा केशवाचा हात हाय," कवडूजी म्हणाले. "पन आता कायले बलावते बापा हा गावाले?"

तृप्तीनं मान वर केली. समोर आपल्याच घराच्या छपरावरच्या कवेलूंमधून धूर निघत होता, पातळ आणि पिवळसर. दारात केशवराव उभे होते, छातीशी डफ, आणि जीव तोडून वाजवत होते. ओरडायला गळा नव्हता. मुक्या माणसानं आगीची हाक डफावर दिली, आणि सगळ्या गल्लीनं ती ऐकली.

मधल्या खोलीतल्या जुन्या बोर्डात ठिणगी पडली होती, असं नंतर लोक म्हणाले. खरं खोटं त्या बोर्डालाच ठाऊक. कापसाची आग ज्यानं पाहिली नाही, त्याला सांगून पटत नाही. ती आधी ढिगाच्या वरच्या वर धावते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग वाटतं, विझली. पण ती ढिगाच्या पोटात शिरलेली असते आणि तिथं बसून आपली वेळ पाहत असते. तृप्ती दारापाशी पोचली तेव्हा आग पोटातून बाहेर यायला लागली होती. कवेलू फटाफट फुटले, आढं खाली आलं, आणि एवढी मोठी ज्वाळा सरळ आभाळात उभी राहिली, की पळणारी माणसंही पळता पळता थांबून वर बघायला लागली. तृप्तीला भीती वाटायला हवी होती. पण त्या क्षणी तिला नुसतं आश्चर्य वाटलं. एवढं बळ आपल्या मधल्या खोलीत इतके दिवस निजलं होतं आणि आपण त्याच्या शेजारी जेवत होतो! अंबाबाईंनी हात जोडले. ती विनवणी नव्हती. एवढं मोठं काही समोर उभं राहिलं की हात आपोआप जुळतात.

मग तृप्तीला कॉम्प्युटर आठवला आणि ती दाराकडं धावली. केशवरावांनी तिचा दंड धरला.

"मामाजी, सोडा मले! तुमचा आवाज जळून राहिला आतमंधी!"

त्यांनी मान हलवली. ती हिसके देत राहिली, रडत राहिली, पण त्या म्हाताऱ्या बोटांची पकड सुटली नाही. समोरच्या खोलीचं छत बसलं, तेव्हा दोघंही तसेच उभे होते.

सौंसरहून बंब आला. त्याच्याही आधी गावातले संत्रेवाले आले. झाडांवर औषध मारायच्या टाक्या ट्रॅक्टरला लावून, त्यांत विहिरीचं पाणी भरून त्यांनी चहूकडून फवारा धरला. दिवस मावळायच्या आत आग आटोक्यात आली. माणूस की जनावर, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. घर मात्र गेलं. त्या रात्री सगळे कवडूजींकडं राहिले आणि केशवराव ताटावर बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून तृप्तीचा भाऊ हर्षल आला. येताना लॅपटॉप घेऊन आला. बहिणीनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "तिजोरी उघडाची हाय."

राखेच्या चिखलातून गजेंद्रनं तिजोरी ओढून काढली. रंग उडाला होता, बाकी जशीच्या तशी. किल्ली फिरली, दार उघडलं. शेताची पावती, गजेंद्रच्या मार्कशिटा, लग्नाचा फोटो, सगळं शाबूत होतं. कडा तेवढ्या तपकिरी झाल्या होत्या, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. तृप्तीच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं. तिनं कापसाची गुंडाळी उचलली. कापूस चहाच्या रंगाचा झाला होता. आतली डिस्क मऊ पडून वाकली होती, आणि तिची एक बाजू ओघळून कापसाला चिकटली होती.

हर्षलनं ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "ताई, कागदाले जळाले लई गरमी लागते. डिस्क त्याच्या कितीतरी पह्यलेच मरते. तिजोरी कागदासाठीच बनवली हाय, तिनं तिचं काम केलं."

तृप्ती तिथंच चिखलात बसली. आपण अक्कल चालवली, पैसे मोजले, दर रविवारी न चुकता कॉपी केली, आणि शेवटी वाचली काय, तर मार्कशीट! केशवराव थोड्या अंतरावर उभे होते. त्यांनी तो वाकडा काळा तुकडा पाहिला, तृप्तीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गल्लीकडं निघून गेले. ते सांत्वन तिला सहन झालं नाही.

"कोठी पाह्याची ऱ्हायली ना," अंबाबाई म्हणाल्या.

"काय पाह्यता आई? जवारीची राख असंन."

कोठीकडं बघून कुणीही तेच म्हटलं असतं. कापसाच्या खोलीची भिंत तिच्यावर कोसळली होती. पत्रा काळाठिक्कर पडला होता आणि एका बाजूनं आत चेपला होता. झाकण अडकून बसलं होतं. गजेंद्रनं सब्बल घालून ते उचकटलं, आणि सगळे एक पाऊल मागं सरले. आतून वास आला. धुराचा नाही, जळक्याचाही नाही. लाह्यांचा.

कोठीच्या तोंडाशी पांढऱ्याशुभ्र लाह्या फुलल्या होत्या. भोवती सगळं काळं, घर काळं, माणसांची तोंडं काळी, आणि मध्ये टोपलंभर लाह्या. नागपंचमीला चुलीवर फोडतात तशाच त्या आगीनं आपल्या हातानं फोडून ठेवल्या होत्या.

गजेंद्रनं घमेल्यानं लाह्या बाजूला केल्या. पत्र्याला लागून ज्वारीचा कोळसा झाला होता. त्याच्या आतली भाजून काळपट झाली होती, तिच्या आतली तांबूस. तृप्तीनं मध्यावर हात घातला. आधी कोमट लागलं. हात कोपरापर्यंत आत गेला आणि ती थबकली. तिनं पुन्हा बोटं हलवून पाहिली.

"थंडी हाय," ती म्हणाली. "आई, थंडी हाय जवारी!"

हर्षलनं हात घातला, गजेंद्रनं घातला. गल्लीतल्या बायाही पुढं आल्या. जो हात घालायचा, तो काढून पुन्हा घालून बघायचा. लोखंडाला वाकवणारी, वासे गिळणारी, आभाळाला भिडलेली ती आग आख्खी दुपार या कोठीला मिठी मारून बसली होती, आणि तिला ज्वारीत वीतभराच्या पुढं जाता आलं नव्हतं. भाकरीचं पीठ होणारे एवढेएवढे दाणे, पण एकाला एक खेटून उभे राहिले आणि त्यांनी तिला आत येऊ दिलं नाही. रोज ज्वारी निवडणाऱ्या, पाखडणाऱ्या बायांनी त्या दिवशी मूठभर दाणे हातात घेऊन पहिल्यांदाच पाहावेत तसे पाहिले.

"मले का मालूम होतं बापा," अंबाबाई आपल्याशीच पुटपुटल्या. "मी तं चोराच्या भेवानं टाकली होती."

लिंबाचा पाला लागला, आणि त्याच्याखाली खणाची गाठोडी. पोत, पाटल्या आणि काळी डबी.

कवडूजींच्या ओसरीत लॅपटॉप उघडला. सगळी गल्ली अंगणात उभी होती. अंबाबाई एवढ्या माणसांसाठी चहा ठेवायला आत गेल्या. त्यांच्या हिशेबानं दागिना सापडला, काम झालं. केशवरावांना कुणीतरी बोलावून आणलं आणि खुर्चीत बसवलं. हर्षलनं वायर जोडली. डिस्कवरचा बारका दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तृप्तीनं डोळे मिटून घेतले.

"दिसून राहिलं, ताई. समदं दिसून राहिलं."

तिनं डोळे उघडले. नावं ओळीनं उभी होती. ही संक्रांतीच्या आधीची कॉपी होती. त्यानंतर तृप्तीनं बसून सगळी गाणी साफ केली होती, मधलं खोकणं-खाकरणं, बडबड, भांड्यांचे आवाज, सगळं कापून टाकलं होतं. ती साफ केलेली गाणी आगीत गेली. उरलं ते कच्चं, जसं कॅसेटीतून निघालं तसं.

तिनं पहिलंच नाव दाबलं. खरखर झाली, आणि मग केशवरावांचा आवाज त्या अंगणात उभा राहिला. भरदार, मोकळा, कालचा धूर न लागलेला. कवडूजींनी मांडीवर ठेका धरला आणि डोळे पुसायला तो सोडला नाही, पाणी गालावरून तसंच वाहू दिलं. केशवरावांचे ओठ हलत होते. जो आवाज लोक रात्रभर उभे राहून ऐकायचे, तो आज पुन्हा उभ्यानंच ऐकत होते.

गाणं संपलं. तृप्ती बंद करायला पुढं झाली, पण आवाज थांबला नाही. कॅसेटीत माणूस खोकला, डफ खाली ठेवल्याचा आवाज आला आणि घरातल्या घरात मारावी तशी हाक आली.

"अंबे! पानी आन वं जरासं. गळा सुकला."

"हाव जी, आनलं!" आतून अंबाबाई म्हणाल्या.

त्या पदराला हात पुसत, पाण्यानं भरलेला पेला घेऊन लगबगीनं बाहेर आल्या. चार पावलं आल्या आणि थांबल्या. सगळं अंगण त्यांच्याकडं बघत होतं. त्यांनी लॅपटॉपकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

केशवरावांनी हात पुढं केला. पेला घेतला, गळ्याचं फडकं एका हातानं सावरलं आणि घोट घोट करत सगळं पाणी प्यायले. रिकामा पेला बायकोच्या हातात परत दिला.

अंबाबाई कालपासून रडल्या नव्हत्या. घर पेटलं तेव्हा नाही, आढं पडलं तेव्हा नाही. आता त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"दुसरं गानं लावू, आई?" तृप्तीनं हळूच विचारलं.

"गानं ऱ्हाऊ दे, पोरी," त्या म्हणाल्या. "थे पान्याचं लाव अजून एकडाव. थांब पन. मी आत जाते, मंग लाव."

आणि रिकामा पेला घेऊन त्या आत गेल्या.